फुफीची अर्धी गोळी

फुफी पडली तेव्हा पहाटेचे पावणेचार वाजले होते. तहज्जुदसाठी उठायची तिची चाळीस वर्षांची सवय. वजूला जाताना मोरीचा तोच उंबरा, तोच अंधार, तोच कठडा. पण त्या पहाटे तिचा पाय उचललाच गेला नाही. खुब्याचं हाड मोडलं. वय ७१.

दवाखान्यात रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो पायाबद्दल नव्हता. "चाची, रोज कोणकोणत्या गोळ्या घेता?" फुफी उत्तर देत होती, पण तिची जीभ जड पडत होती, शब्द एकमेकांत मिसळत होते. भाईजानला वाटलं लकवा झाला. डॉक्टरीणबाईंनी घरून गोळ्यांची पिशवी आणायला सांगितली. पिशवी मी उपडी केली आणि माझ्या पोटात गोळा आला. त्यातली निम्मी पाकिटं माझ्या हातून गेलेली होती.

वाचकहो, मी गेली १९ वर्षं औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभी आहे. म्हणून हे सांगताना मला लाज वाटते, आणि म्हणूनच सांगायला हवं असंही वाटतं.

फुफाजींच्या इंतकालानंतर इद्दतच्या दिवसांत फुफीची झोप उडाली. गल्लीतल्या डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅमची अर्धी गोळी लिहून दिली, दहा दिवसांसाठी. दहा दिवस संपले, फुफी म्हणाली, "बेटा, अर्धीच तर आहे, दे." मी दिली. पुढच्या महिन्यात पुन्हा दिली. चिठ्ठी तीच, तारीख जुनी. दोन वर्षांत अर्धीची एक झाली, आणि दुपारी जीव घाबरला की वरून आणखी अर्धी. कुणी वाढवली नाही, ती आपोआप वाढली. या औषधाचा स्वभावच तसा आहे. मेंदू त्याला सरावतो आणि तेवढ्याच परिणामासाठी जास्त मागतो.

दुसरी गोळी गुडघ्यांची. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली, पॅरासिटामॉल आणि ट्रामाडोल एकत्र असलेली. तिसरी फक्त बारा दिवसांपूर्वी सुरू झालेली: गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल. हल्ली घराघरांत गजकर्ण आहे, जाता जात नाही, आणि ही कॅप्सूल आमच्या दुकानातून रोज जाते. तीन डॉक्टर, तीन चिठ्ठ्या. प्रत्येकाचं औषध आपापल्या जागी बरोबर. कुणी दुसऱ्याची चिठ्ठी पाहिली नव्हती. त्या तिन्ही चिठ्ठ्या एकाच काउंटरवर आल्या होत्या, माझ्या.

इट्राकोनॅझोल काय करतं ते सांगते, कारण हे डॉक्टरांच्याही नजरेतून निसटतं. अल्प्राझोलाम शरीराबाहेर पडण्याआधी यकृतातलं एक एन्झाइम त्याचे तुकडे करतं. बुरशीवरचं हे औषध नेमकं तेच एन्झाइम अडवून धरतं. म्हणजे गोळी रोजचीच, पण रक्तातला तिचा साठा दोन-तीन पट होतो. फुफी एकच गोळी घेत होती. तिच्या मेंदूला ती अडीच पोचत होती. औषधाच्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलेलं असतं की इट्राकोनॅझोल किंवा कीटोकोनॅझोलसोबत अल्प्राझोलाम देऊ नये. 'जपून द्यावं' असं नाही, 'देऊ नये'. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्सही त्याच वाटेवर अडथळा आणतात. लोराझेपामचा निचरा वेगळ्या वाटेने होतो, त्यामुळे त्याला हा धोका नाही. पण हा हिशेब करायला आधी दोन्ही औषधांची नावं कुणाला तरी एकत्र माहीत असायला हवीत.

या गोळ्यांच्या घराण्याला बेन्झोडायझेपिन म्हणतात. अल्प्राझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम; नावाच्या शेवटी 'झेपाम' किंवा 'झोलाम' दिसलं की बहुधा त्याच घरातली. आपल्या आधीची पिढी डायझेपामला 'काम्पोज' याच नावाने ओळखायची. यातली पहिली गोळी १९६० साली बाजारात आली, डायझेपाम १९६३ मध्ये. त्याआधी झोपेसाठी बार्बिच्युरेट द्यायचे आणि त्यांच्या थोड्याशा जादा डोसाने माणसं दगावायची. त्यामानाने ही नवी औषधं इतकी निर्धोक वाटली की डॉक्टरांनी हात सैल सोडला. सवय लागते हे मान्य व्हायला बरीच वर्षं गेली. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने १९८८ मध्ये सांगितलं की ही औषधं दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नका. आपल्याकडे वर्षानुवर्षं घेणाऱ्या आजी-आजोबांची कमी नाही.

औषध वाईट नाही, हेही सांगायला हवं. पाच मिनिटांहून जास्त चाललेली फीट थांबवायला याच घराण्यातलं औषध जीव वाचवतं. फीट येणाऱ्या मुलांच्या आया मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा पर्समध्ये ठेवतात. दारू अचानक सुटली की जे भयंकर कंप आणि भास होतात त्यांवरही हेच देतात. ऑपरेशनच्या आधी देतात. प्रश्न औषधाचा नसतो, ते कुणाच्या अंगात जातंय याचा असतो.

वृद्धांचं पहिलं. तरुण माणसाच्या रक्तातलं अल्प्राझोलाम निम्मं व्हायला साधारण ११ तास लागतात, वृद्धांत १६. डायझेपामला एक ते दोन दिवस लागतात, आणि त्याच्यापासून शरीरात तयार होणारा दुसरा पदार्थ तर चार-चार दिवस रेंगाळतो. म्हणजे कालची गोळी उतरायच्या आत आजची चढते. पाय लटपटतात, विसरायला होतं, दुपारी डुलक्या लागतात, आणि घरचे म्हणतात, "वय झालं." अमेरिकेत १९९१ पासून वृद्धांना टाळावीत अशा औषधांची एक यादी निघते, बीअर्स निकष नावाची. बेन्झोडायझेपिन त्या यादीत ठळकपणे आहेत. कारण साधं आहे: पडणं. खुबा मोडला की पुष्कळ म्हातारी माणसं पुन्हा पूर्वीसारखी चालत नाहीत.

त्यातही वाईट चूक दवाखान्यात होते. ऑपरेशननंतर किंवा तापात म्हातारं माणूस रात्री बरळू लागतं, सलाईन उपटतं, घरच्यांनाच ओळखत नाही. नातेवाईक नर्सकडे जातात, "सिस्टर, झोपेचं काहीतरी द्या." या भ्रमावर झोपेची गोळी बहुतेक वेळा तेल ओतते. दारू सुटल्याने झालेला भ्रम तेवढा वेगळा. तिथे औषधापेक्षा चष्मा, ऐकायचं यंत्र, खोलीत उजेड आणि उशाशी ओळखीचा आवाज यांचा जास्त उपयोग होतो. फुफीच्या उशाशी आम्ही पाळीपाळीने बसलो.

आता श्वासाचं. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बायका, यंत्रमागाच्या कापूसधुळीत काम केलेले पुरुष, विडी ओढणारे, यांची फुप्फुसं आधीच थकलेली असतात. झोपेतही श्वास चालू ठेवायचा हुकूम मेंदूकडून येतो, आणि ही गोळी तो हुकूम मंद करते. दम्याचा किंवा जुन्या खोकल्याचा त्रास वाढलेला असताना ती देणं म्हणजे दमलेल्या हमालाच्या पाठीवर आणखी एक पोतं.

आणि घोरणारे! आमच्याकडे घोरणं हा विनोदाचा विषय असतो. पण जो माणूस घोरता घोरता मध्येच गप्प होतो, दहा-पंधरा सेकंद श्वासच घेत नाही, मग गुदमरल्यासारखा दचकून पुन्हा सुरू होतो, त्याला झोपेतला श्वासरोध असतो. हा माणूस डॉक्टरांकडे काय तक्रार घेऊन जातो? "झोप पुरी होत नाही, सकाळी डोकं जड असतं." तक्रार ऐकली आणि घोरण्याबद्दल विचारलं नाही, तर चिठ्ठीवर गोळी येते. गोळीने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि गुदमरून जाग येण्याची जी एक सोय अल्लाहने ठेवली आहे तीही बोथट होते. त्याचं घोरणं फक्त त्याच्या बायकोला माहीत असतं. तेव्हा बहिणींनो, नवऱ्यासोबत दवाखान्यात जा आणि तुम्ही सांगा.

यकृताच्या रुग्णांचीही अशीच गफलत होते. यकृत आकसलेल्या माणसाची झोप उलटीपालटी होते, दिवसा झापड, रात्री टक्क जागा. ते बऱ्याचदा मेंदूवर विषारी परिणाम सुरू झाल्याचं पहिलं लक्षण असतं. त्या जागेपणावर झोपेची गोळी दिली तर माणूस सरळ बेशुद्धीकडे जातो. स्नायू झपाट्याने थकण्याचा मायस्थेनिया नावाचा विरळा आजार आहे. संध्याकाळी पापण्या मिटू लागतात, घास गिळवत नाही. त्यांनाही ही गोळी वर्ज्य. काचबिंदूच्या एका प्रकारात, जिथे डोळ्याचा कोन अरुंद असून दाब अचानक चढतो, तिथेही नाही.

गरोदरपणाबद्दल दोन गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्या लागतात. शेवटच्या महिन्यांत आई ही गोळी घेत असेल तर बाळ जन्मतः लुळं, थंड, नीट न चोखणारं असू शकतं, श्वासही मंद असतो. पुढे काही दिवसांनी त्याला तलफेसारखी चिडचिड आणि कंपही होतात. दूध पाजताना डायझेपाम दुधातून जातं आणि बाळाच्या अंगात साठतं. पण म्हणून दिवस राहिल्याचं कळताच घाबरून गोळी एका दिवसात फेकून द्यायची नाही. ज्या डॉक्टरांनी दिली त्यांच्याकडे त्याच आठवड्यात जायचं.

यापुढचं लिहिताना थोडी कुचंबणा होते. डॉक्टर विचारतात, "दारू घेता का?" मुलगा अब्बांच्या देखत बसलेला असतो. तो "नाही" म्हणतो. दुसरं काय म्हणणार? डॉक्टर त्या "नाही"वर विसंबून अल्प्राझोलाम लिहितात. या गोळ्या एकट्याने घेतल्या तर जादा डोसानेही मृत्यू क्वचित होतो. दारूसोबत किंवा अफूच्या जातीच्या औषधांसोबत मात्र श्वास थांबतो. अफूच्या जातीची म्हणजे फक्त गर्द नव्हे. ट्रामाडोल त्याच जातीचं, खोकल्याच्या काही सिरपमधलं कोडीनही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये या दोन्ही औषधांच्या वेष्टनपत्रकावर चौकटीतला सर्वांत कडक इशारा छापायला लावला, की ही जोडी श्वास थांबवू शकते. माझ्या फुफीच्या पिशवीत ती जोडी रबरबँडने एकत्र बांधलेली होती. तेव्हा तरुण मुलाला तपासताना डॉक्टरांनी घरच्यांना दोन मिनिटं बाहेर बसायला सांगितलं तर अब्बांनी रागावू नये.

मालेगावच्या वाचकांना 'कुत्ता गोळी' हे नाव मी सांगायला नको. ती हीच, अल्प्राझोलाम. फुफीच्या उशाखाली जी 'अर्धी' होती, तीच तिथे पोरं नशेसाठी मूठभर खातात. ज्याला आधी कसलं व्यसन होतं किंवा आहे, त्याला ही गोळी लिहिताना डॉक्टरांनी दहादा विचार करायचा असतो. घरात असा कुणी असेल तर म्हाताऱ्यांच्या गोळ्यासुद्धा कुलपात ठेवाव्या लागतात.

आणि दुःख. मयतच्या घरात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, विधवेला "झोपू द्या बिचारीला" म्हणून गोळी द्यायचा रिवाजच पडून गेलाय. एक-दोन रात्री ठीक. पण रडणं, जागणं, पुन्हा पुन्हा तेच बोलणं हा आजार नव्हे. गोळीने ते संपत नाही, पुढे ढकललं जातं. आणि ते दुःख खरोखर नैराश्यात उतरलं असेल, मरणाचे विचार येत असतील, तर या गोळीने नैराश्य बरं होत नाही. उलट हाताशी गोळ्यांचा साठा जमतो. फुफीला त्या दिवसांत बोलायचं होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला झोपवलं.

तिच्या ऑपरेशननंतर आम्ही दुसरी चूक केली. भाईजानने रागाने पाकीट कचऱ्यात टाकलं, "बंद! आजपासून एकही नाही." दुसऱ्या रात्रीपासून फुफीचे हात थरथरायला लागले, घामाने चादर भिजली, अंगावर मुंग्या चालतात म्हणून ती ओरडू लागली. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. मोठा डोस असता तर फीटही आली असती. मेंदू ज्या ब्रेकवर दोन वर्षं चालत होता तो एकदम काढला की गाडी उतारावर सुटते. मानसोपचार डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि मग उतरवायला घेतली: दर दोन-चार आठवड्यांनी थोडीशीच, आधीच्या डोसाच्या पाच ते दहा टक्के. न्यूकॅसलच्या डॉक्टर हीदर अॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ फक्त ही गोळी सोडवण्यासाठी दवाखाना चालवला होता. घाई करायची नाही आणि वेग रुग्णाने ठरवायचा, ही त्यांची शिकवण आजही चालते. फुफीला सात महिने लागले. शेवटची चतकोर सर्वांत जड गेली.

मध्येच रमजान आला. हेही लिहायला हवं, कारण दरवर्षी शाबान संपता संपता दुकानात हा प्रश्न येतो. दिवसा-रात्री असे दोन डोस घेणारा माणूस रोज्यासाठी दुपारची गोळी आपल्याच मनाने सोडतो, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी थरथर सुरू झाली की तिला अशक्तपणा समजतो. कुणी तरावीहनंतर साडेअकराला गोळी घेतो आणि चार वाजता सहरीला उठतो, गोळीचा अंमल जोरात असताना. अंधारात, जिन्यावरून. डोसांच्या वेळा बदलता येतात, पण ते दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांशी बोलून. उमराह किंवा नोकरीसाठी सौदी किंवा अमिरातीला जाणाऱ्यांनी तर ही गोळी मुळीच सहज बॅगेत टाकू नये. तिथे ती नियंत्रित औषधांत मोडते. डॉक्टरांची चिठ्ठी आणि त्या देशाची आगाऊ परवानगी नसेल तर विमानतळावर फार मोठी आफत ओढवते.

झोपेचं मग काय करायचं? जुन्या निद्रानाशावर जगभर पहिला उपाय म्हणून गोळी नव्हे, झोपेची वर्तन-चिकित्सा सुचवतात. नाव जड आहे, काम साधं. उठायची वेळ पक्की, रात्र कशीही गेली तरी. गादी फक्त झोपेसाठी. वीस मिनिटांत झोप नाही आली तर उठून दुसरीकडे बसायचं. दुपारची झोप छोटी, असरनंतरचा चहा बंद. पहिले दोन आठवडे फुफीने मला शिव्या घातल्या. तिसऱ्या आठवड्यात ती साडेदहा ते चार सलग झोपली. मनावर ताण असेल, कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलतात.

आणि घरात कुणी ही गोळी घेऊन हलवूनही जागं होत नसेल, श्वास मंद, ओठ निळे असतील तर ताक, लिंबूपाणी काहीही तोंडात घालू नका, ते फुप्फुसात जातं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

आता दुकानाचं. १ मार्च २०१४ पासून आपल्या देशात एच-वन नावाची अनुसूची लागू आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम त्यात आहेत, झोपेची झोल्पिडेमही आहे. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, आणि डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपायचं. फुफीचं नाव माझ्या रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात २३ वेळा आहे. दोन वर्षांपूर्वीची एकच चिठ्ठी, २३ नोंदी. मी मोजल्या.

गेल्या आठवड्यात एक बाई अशीच मळकी, घड्या पडलेली चिठ्ठी घेऊन आल्या. आठ महिन्यांपूर्वीची, दहा गोळ्यांची. मी विचारलं, "चाची, आणखी कोणती औषधं चालू आहेत? रात्री घोरता का?" त्यांना राग आला. "इतकी वर्षं देत होतीस, आता चौकशा करतेस?" मी डॉक्टरांना फोन लावून देते म्हणाले, तेवढं थांबायलाही त्या तयार नव्हत्या. चिठ्ठी उचलून समोरच्या दुकानात गेल्या. मी तिथल्या पोराला लगेच फोन केला.

"आपा," तो म्हणाला, "दिली ना मी. अर्धीच तर घेतात त्या."